सशांची गट्टी : निर्बीजीकरणानंतरच्या सहवासातील चिन्हव्यवहार

भाषाविषयक संशोधनाला वाहिलेल्या पत्रिकेत पाळीव सशांचा विषय निघालेला पाहून काही वाचकांना नवल वाटेल. प्रस्तुत लेखकाचा प्राणिशास्त्राशी अथवा पशुवैद्यकाशी व्यावसायिक संबंध नाही. परंतु घरी पाळलेल्या दोन सशांना एकत्र नांदविण्याचा प्रयत्न करीत असता त्याच्या हातून एक चूक घडली. ही चूक वैद्यकीय स्वरूपाची नव्हती. ती अर्थग्रहणाची होती. अर्थग्रहण हाच ज्याच्या अध्यापनाचा विषय, त्याच्याकडून ती घडावी, हे लाजिरवाणे खरेच. तिच्या निमित्ताने जे वाचन व निरीक्षण घडले, त्यातील काही भाग अर्थविचाराच्या अभ्यासकांस उपयुक्त वाटेल, अशा समजुतीने तो येथे मांडीत आहे.

शस्त्रक्रियेने नर व मादी ह्यांची जननक्षमता नाहीशी केली की दोन ससे आपोआप गुण्यागोविंदाने राहू लागतात, असा एक समज ससे पाळणाऱ्यांत प्रचलित आहे. तो अर्धाच खरा आहे. शस्त्रक्रियेमुळे सशांच्या परस्परव्यवहारातून एक विषय वजा होतो, एवढेच. ज्या चिन्हांच्या द्वारे तो व्यवहार चालतो ती चिन्हे शस्त्रक्रियेनंतरही जशीच्या तशी राहतात. बदलते ते त्यांचे प्रकरण. आणि प्रकरण बदलले की अर्थ बदलतो, हे अर्थविचाराच्या विद्यार्थ्यास निराळे सांगावयास नको.

प्रारंभी एका शब्दाचा खुलासा केला पाहिजे. दोन प्राण्यांना एकमेकांची सवय लावून त्यांच्यात टिकाऊ सख्य निर्माण करण्याच्या क्रियेला इंग्रजी जाणणारे प्राणिपालक 'बॉंडिंग' म्हणतात. मराठीत 'जोडी लावणे' म्हणावे, तर त्यातून प्रजननाचाच अर्थ निघतो. 'मैत्री' म्हणावे, तर ती फारच मानवी होते. मुलांच्या बोलीतला 'गट्टी' हा शब्द मला सर्वांत जवळचा वाटतो. गट्टी आपोआप होत नसते, ती करावी लागते. ती दोघांनी करावी लागते. आणि 'फू' ह्या एका अक्षराने ती मोडते. सशांच्या बाबतीत ह्या तिन्ही गोष्टी तंतोतंत लागू पडतात.

आता 'ससा' हा शब्द घेऊ. आपल्या अनेक गैरसमजांचे मूळ ह्या शब्दात आहे. संस्कृत 'शश', 'शशक'. प्राकृत 'सस', 'ससअ'. मराठी 'ससा', ही परंपरा सरळ आहे. मूळ इंडो-युरोपीय धातूचा अर्थ 'करडा' असा मानतात. इंग्रजीतील 'हेअर' आणि जर्मनमधील 'हाझं' हे त्याच कुळातले. संस्कृतात अपेक्षित असलेल्या 'शस' ह्या रूपातील दुसरा वर्ण पहिल्याच्या प्रभावाने 'श' झाला, हे समीकरणाचे उदाहरण म्हणून वर्गात नेहमी दिले जाते. आता ह्या सर्व शब्दांनी दर्शविला जाणारा प्राणी कोणता? तो रानातला ससा होय. पंचतंत्रात सिंहाला विहिरीत उडी घ्यावयास लावणारा, शशजातकात अग्नीत स्वतःस अर्पण करणारा, चंद्रावरच्या डागात आपल्याला दिसणारा आणि नैयायिकांनी ज्याच्या नसलेल्या शिंगावर एवढा काथ्याकूट केला तो, हा सगळा एकच प्राणी. आपल्या माळरानांवर दिसणाऱ्या ह्या जातीचे शास्त्रीय नाव 'लेपस नायग्रिकोलिस' असे आहे. तो एकटा राहतो, बीळ खणीत नाही, गवतात अंगापुरती खोलगट जागा करून बसतो; त्याची पिल्ले डोळे उघडलेली आणि अंगावर लव असलेली अशीच जन्मतात.

पिंजऱ्यातून विकला जाणारा पाळीव ससा हा नव्हे. तो आयबेरियन द्वीपकल्पातील 'ओरिक्टोलॅगस क्युनिक्युलस' ह्या प्राण्याचा वंशज. त्याची पिल्ले आंधळी व उघडी जन्मतात, जमिनीखाली वाढतात, आणि तो स्वतः बिळांच्या वसाहतीत गटाने राहतो. रानसशाची गुणसूत्रे ४८, ह्याची ४४. दोहोंचा संकर होत नाही. इंग्रजी, फ्रेंच व जर्मन ह्या भाषांत दोघांस निरनिराळे शब्द आहेत. जर्मन बोलणारा मनुष्य मात्र घरातल्या पाळीव सशालाही लाडाने रानसशाच्याच नावाने हाक मारतो. आपल्याकडे हा परदेशी प्राणी आला तेव्हा आपण त्याला घरातलाच जुना शब्द दिला. ह्यात आपले काही चुकले असे नाही. स्पेनच्या किनाऱ्यावर उतरलेल्या फिनिशियन लोकांनी तेथील सशांना पाहून आपल्या मायदेशातील 'शाफान' ह्या वेगळ्याच प्राण्याचे नाव त्यांस दिले व त्यावरून त्या देशाचे 'हिस्पानिया' हे नाव पडले, असे एक मत आहे. ते सर्वमान्य नाही. पण नामकरणाची ही रीत जगभर आढळते. रोमन लोकांना मात्र हा प्राणी वेगळा असल्याचे कळले होते. त्यांचा 'कुनिकुलुस' हा शब्द ससा आणि भुयार ह्या दोहोंनाही वापरला जाई, आणि सशाचे मुख्य लक्षण त्यांनी बरोबर हेरले होते असे त्यावरून म्हणता येते.

शब्द उसना दिला की त्याच्याबरोबर त्याचे सहचारी अर्थही जातात. मराठीत ससा म्हणजे भित्रा, गरीब, निरुपद्रवी. 'ससेहोलपट' ह्या शब्दात शिकाऱ्यांनी चोहोकडून हाकललेला जो प्राणी दिसतो, तोच आपल्या मनात घर करून आहे. ('ससेमिरा' ह्या शब्दाचा मात्र सशाशी काही संबंध नाही, विक्रमकथेतील चार श्लोकांच्या आद्याक्षरांपासून तो आला. विद्यार्थी उत्तरपत्रिकांतून ही चूक वरचेवर करतात म्हणून येथे सांगून टाकतो.) दोन गरीब प्राणी एकत्र ठेवले तर काय बिघडणार, असा विचार करून आपण त्यांना एका खोलीत सोडतो, आणि दोन मिनिटांत खोलीभर केसांचे पुंजके उडू लागतात.

ह्या प्राण्याच्या समाजजीवनाचे शास्त्रीय ज्ञान मुख्यतः विसाव्या शतकाच्या मध्यावर झाले. त्याची प्रेरणा प्रेमाची नव्हती, हे नमूद केले पाहिजे. १८५९ मध्ये ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतात टॉमस ऑस्टिन ह्यांनी शिकारीच्या हौसेसाठी काही ससे सोडले. त्यांच्या संततीने पुढे त्या खंडातील कुरणे फस्त केली. १९५० मध्ये तेथे मिक्सोमा विषाणूचा प्रयोग झाला आणि त्याच सुमारास सशांच्या वर्तनाचा अभ्यासही सुरू झाला. कॅनबेरा येथील रोमन मिकिटोविच ह्यांनी कुंपणातील वसाहतींचे वर्षानुवर्षे निरीक्षण करून दाखवून दिले की ससा आपल्या हनुवटीखालील ग्रंथींचा स्राव वस्तूंना घासून आपली हद्द आखतो, आणि वसाहतीतील श्रेष्ठ नर हे काम सर्वांत अधिक करतो. ह्याविषयीचा त्यांचा निबंध १९६२ साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १९७६ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक महत्त्वाची गोष्ट मांडली : जेथे सशाचा स्वतःचा वास दरवळतो तेथे त्याचा आत्मविश्वास वाढतो व झुंजीत त्याची सरशी होण्याचा संभव अधिक असतो. इंग्लंडमध्ये सदर्न ह्यांनी १९४८ साली आणि वेल्समधील ऑरिल्टन येथे रोनाल्ड लॉक्ली ह्यांनी १९५०च्या दशकात असेच निरीक्षण केले. लॉक्ली ह्यांचा ग्रंथ १९६४ मध्ये निघाला. ह्या अभ्यासांतून दिसणारा समाज असा : लहान लहान गट, प्रत्येक गटात नरांची एक व माद्यांची एक अशी वेगळाली उतरंड, आणि बिळाच्या मोक्याच्या जागांसाठी माद्यांमध्येही चुरस. ससा सहवासप्रिय आहे, पण तो अनोळखी सशाचा स्वागतोत्सुक मुळीच नाही.

लॉक्ली ह्यांच्या ग्रंथाच्या आधारे रिचर्ड ॲडम्स ह्यांनी १९७२ मध्ये 'वॉटरशिप डाउन' ही कादंबरी लिहिली आणि तीत सशांसाठी एक भाषाच रचली. त्या भाषेतील सशांना चारपर्यंतच मोजता येते. त्यापुढची कोणतीही संख्या 'ह्रेर'. कल्पना मनोरम आहे. खऱ्या सशाजवळ मात्र ध्वनी फार थोडे : चिडल्यावर एक आखूड गुरगुर, प्रणयाराधनाच्या वेळी घशातल्या घशात घुमणे, मरणभयाने फोडलेली किंकाळी, आणि सुखावल्यावर दातांची हलकी कुरकुर. हीच कुरकुर मोठी व खरखरीत झाली म्हणजे ती वेदनेची खूण असते. मागचे पाय जमिनीवर आपटून तो धोक्याचा इशारा देतो. बाकी सारा व्यवहार गंधाचा आणि अंगविक्षेपांचा. आपण त्याला 'मुका जीव' म्हणतो त्यात तथ्य आहे. पण मुका म्हणजे काही न सांगणारा, असे नव्हे.

आता शस्त्रक्रियेकडे वळू. १९०५ मध्ये वॉल्टर हीप ह्यांनी दाखविल्याप्रमाणे सशाच्या मादीत बीजमोचन ठरावीक चक्राने होत नसून समागमानंतर सुमारे दहा तासांनी होते. गर्भकाल सुमारे ३१ दिवसांचा. प्रसूतीनंतर लगोलग पुन्हा गर्भधारणा होऊ शकते. तेव्हा नर व मादी एकत्र ठेवावयाची तर निर्बीजीकरण अटळ आहे. मादीच्या बाबतीत आणखी एक कारण आहे. वाढत्या वयाच्या माद्यांना गर्भाशयाचा कर्करोग मोठ्या प्रमाणात होतो, हे अमेरिकेत ग्रीन व सॅक्स्टन ह्यांनी १९३८ सालीच नोंदविले होते. मादीची शस्त्रक्रिया पोट उघडून करावी लागते, म्हणून ती अधिक जोखमीची. नराची त्या मानाने सोपी.

परंतु शस्त्रक्रिया झाली म्हणजे त्याच दिवशी काम झाले असे होत नाही. नराच्या वीर्यवाहिनीत शुक्रजंतू शिल्लक असतात. म्हणून त्याला चार ते सहा आठवडे मादीपासून दूर ठेवण्याचा प्रघात आहे. रक्तातील संप्रेरक लवकर ओसरते, पण त्याच्या जोरावर अंगवळणी पडलेल्या सवयी सावकाश सुटतात. मादीची जखम भरण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. तिची आक्रमकता निवावयास त्याहून अधिक. येथे एक व्यावहारिक सूचना करणे मी कर्तव्य समजतो. आमच्या सशांच्या वेळी एका दवाखान्यात आम्हांस आदल्या रात्रीपासून त्यांना उपाशी ठेवण्यास सांगण्यात आले. कुत्र्यामांजरांच्या बाबतीत हे योग्य आहे, कारण भुलीत त्यांना उलटी होण्याचा धोका असतो. सशाला उलटी होऊच शकत नाही. उलट त्याचे आतडे सतत चालते राहिले पाहिजे, ते थांबले तर प्राणावर बेतते. सुदैवाने दुसऱ्या एका जाणत्या पशुवैद्यांनी वेळीच सावध केले. कुत्र्याचे व्याकरण सशाला लावण्याचाच हा प्रकार.

आता माझी चूक. आमच्या घरी काजळ नावाची मादी आधीपासून होती. पुढे भुऱ्या नावाचा नर आला. दोघांच्या शस्त्रक्रिया झाल्या. मादीच्या शस्त्रक्रियेला पाच आठवडे व नराच्या शस्त्रक्रियेला तीन आठवडे झाले असता एका रविवारी मी भुऱ्याला काजळच्या खोलीत सोडले. तीन आठवडे पुरेसे नव्हते, ही एक गोष्ट; ती खोली चार महिने काजळची होती, तिच्या हनुवटीचा स्राव तेथील प्रत्येक खुर्चीच्या पायाला लागलेला होता, ही दुसरी. पण ह्या दोन्हींपेक्षा माझी तिसरी चूक मला अधिक बोचते. दोघे एकमेकांसमोर आले, थबकले, आणि काजळने आपले डोके खाली घालून हनुवटी जमिनीला टेकविली. क्षणभराने भुऱ्यानेही तसेच केले. हे दृश्य पाहून मी निर्धास्त झालो. दोघेही परस्परांस नमस्कार करीत आहेत, दोघेही नमते घेत आहेत, आता भांडणाचे कारण उरले नाही, असे वाटून मी शेजारच्या खोलीत फोन घ्यावयास गेलो. किंकाळी ऐकून परत आलो तेव्हा भुऱ्याचा डावा कान फाटला होता व मानेवर खोल चावा होता. कानाला टाके पडले. त्याहून वाईट म्हणजे रात्री त्याने खाणे सोडले. पहाटेपर्यंत दर दोन तासांनी पिचकारीने त्याच्या तोंडात पातळ अन्न घालीत आम्ही बसलो होतो. सकाळी आठच्या सुमारास त्याने कोथिंबिरीची एक काडी आपण होऊन ओढून घेतली, तेव्हा जिवात जीव आला.

डोके खाली घालणे ह्याचा सशांच्या व्यवहारातील अर्थ शरणागती असा नाही. 'मला चाट' अशी ती मागणी आहे, आणि ही मागणी अधिकाराने करणारा बहुधा वरच्या पायरीवरचा असतो. समोरच्याने पुढे होऊन त्याचे कपाळ व डोळ्यांच्या कडा चाटल्या की उतरंड ठरली, प्रश्न मिटला. दोघांनीही मान खाली घातली आणि दोघांपैकी कोणीच चाटण्यास पुढे झाला नाही, तर तो परस्परनमस्कार नसून दोन मागण्यांची कोंडी असते. ती क्षणात फुटते. मी त्या देहस्थितीचा अर्थ माझ्या संस्कृतीच्या कोशातून काढला. आपल्याकडे मस्तक नमविणे म्हणजे लीनता, हे इतके सहज की त्याला अर्थ लावणे म्हणतात ह्याचेही भान राहत नाही. मला जे स्वाभाविक चिन्ह वाटले, ते माझ्यापुरते सांकेतिक होते.

येथे भर्तृहरीचे स्मरण होते. अनेकार्थी शब्दाचा प्रस्तुत अर्थ कोणता हे ठरविणारी जी साधने 'वाक्यपदीया'च्या दुसऱ्या कांडात सांगितली आहेत, त्यांत साहचर्य, विरोध, प्रकरण, औचित्य, देश आणि काल ही येतात. सशाच्या अंगविक्षेपांना ही यादी लावून पाहिली असता ती चपखल बसते. एका सशाने दुसऱ्याच्या पाठीवर चढणे ही क्रिया घ्या. शस्त्रक्रियेपूर्वी तिचा अर्थ उघड आहे. शस्त्रक्रियेनंतरही ती चालूच राहते. मादीही नरावर चढते, मादी मादीवर चढते. 'शस्त्रक्रिया वाया गेली' असा निष्कर्ष पुष्कळ पालक ह्यावरून काढतात. वस्तुतः कामविषय वजा झाल्यावर त्याच क्रियेचा 'मी वरचा' हा अर्थ शिल्लक राहिलेला असतो. खालचा ससा निमूट बसून राहिला तर तिच्यात हस्तक्षेप करू नये. मात्र चढणारा उलट्या दिशेने, डोक्याकडून चढला तर ताबडतोब दूर करावा, कारण खालच्याचे दात त्याच्या पोटाशी येतात. एकमेकांभोवती गोल फिरण्याचेही असेच. घुमत घुमत एकाने दुसऱ्याभोवती फिरणे हे आर्जव. दोघांनी शेपट्या उभारून, कान मागे चिकटवून, एकमेकांच्या शेपटीचा वेध घेत फिरणे ही झुंजीची नांदी. गती तीच, वर्तुळ तेच; अर्थ ठरतो तो साहचर्याने, म्हणजे कानांनी आणि शेपटीने. पाठ फिरवून स्वतःचे अंग चाटीत बसणे हे आपल्याला उपेक्षेचे वाटते. सशात ते पुष्कळदा विश्वासाचे लक्षण असते, कारण भ्यालेला प्राणी पाठ दाखवीत नाही.

देश आणि काल ह्या दोहोंस तर व्यवहारात सर्वांत अधिक महत्त्व आहे. काल म्हणजे शस्त्रक्रियेनंतरचे पुरेसे आठवडे. आणि एकदा झुंज झालीच तर पुन्हा मध्ये जाऊ द्यावयाचे तीनचार आठवडे. देश म्हणजे अशी जागा की जेथे दोघांपैकी कोणाचाही वास नाही. आम्ही दुसऱ्या खेपेस शेजाऱ्यांच्या गच्चीवरची रिकामी खोली मागून घेतली. तत्पूर्वी महिनाभर दोघांची घरे शेजारी शेजारी, पण मध्ये वीतभर अंतर राखून ठेवली, म्हणजे जाळीतून नाक चावले जाऊ नये; आणि दर दोन दिवसांनी दोघांची जागा अदलाबदल केली. ह्या अदलाबदलीत जे घडते ते भाषाभ्यासकाने मुद्दाम पाहण्यासारखे आहे. प्रत्येकजण दुसऱ्याच्या जागेत गेल्यावर प्रथम तेथील कोपरे हुंगतो, मग त्याच्या खुणेवर आपली हनुवटी घासतो. दुसरा परत येऊन ते हुंगतो. प्रत्यक्ष भेट नाही. पण निरोपांची देवघेव चालू आहे. पहिल्या आठवड्यात काजळ भुऱ्याच्या चटईवर मुतून ठेवी. चौथ्या आठवड्यात ती त्याच चटईवर अंग टाकून पडू लागली. तेव्हा आम्ही गच्ची मागितली.

गच्चीवरील भेटी पहिल्या दिवशी दहा मिनिटांच्या होत्या. निसरड्या फरशीवर सतरंजी अंथरली, दोन्ही बाजूंनी उघडी अशी खोकी ठेवली, म्हणजे कोणी कोंडीत सापडू नये. वाळलेले गवत दोन ठिकाणी मांडले. हातात जाड मोजे व मध्ये घालावयास एक पुठ्ठा. भांडण होण्यापूर्वी, सारे ठीक असतानाच भेट संपवावयाची, हा नियम कटाक्षाने पाळला. सहाव्या दिवशी काजळने मान खाली घातली. भुऱ्या बराच वेळ तसाच बसून राहिला. मी श्वास रोखून पुठ्ठा पुढे केला होता. त्याने तिच्या कानाच्या मुळाशी दोनदा चाटले आणि तो गवत खावयास निघून गेला. ह्यानंतर भेटी वाढत वाढत तीन आठवड्यांनी अहोरात्र सहवासापर्यंत आल्या. काही जोड्यांना ह्याहून अधिक काळ लागतो, काहींचे जन्मात जमत नाही.

दोन उपाय ह्या बाबतीत सुचविले जातात, त्यांविषयी माझे मत प्रतिकूल आहे. एक म्हणजे दोघांना एका टोपलीत घालून मोटारीतून हिंडविणे, अथवा टोपली कपडे धुण्याच्या यंत्रावर ठेवणे. भयाने दोघे एकमेकांस बिलगतात. पालकाला ती गट्टी वाटते. आगीतून पळणारी माणसेही एकमेकांचा हात धरतात. त्या क्षणी भांडण टळते हे खरे, पण भीती ओसरल्यावर उतरंडीचा प्रश्न होता तेथेच असतो, आणि सततच्या भयाने सशाची पचनक्रिया बिघडते हा धोका वेगळा. दुसरा उपाय एकाच्या कपाळाला केळ्याचा लगदा लावून दुसऱ्याला चाटावयास लावण्याचा. हा निरुपद्रवी आहे व कधी कधी उपयोगी पडतोही. परंतु चाटणारा त्या वेळी केळे खात असतो. चिन्हाचा आकार तेथे आहे, अर्थ नाही. परीक्षेपुरते पाठ केलेल्या व्याख्येसारखा हा प्रकार.

हा सर्व व्यवहार भाषा ह्या संज्ञेस पात्र आहे काय? चार्ल्स हॉकेट ह्यांनी १९६० मध्ये मानवी भाषेची जी तेरा लक्षणे सांगितली, त्यांच्या कसोटीवर उत्तर नकारार्थीच द्यावे लागते. सशाची चिन्हे बहुतांशी उपजत आहेत. त्यांच्या जोडणीतून नवे वाक्य घडत नाही. कालच्या भांडणाविषयी तो आज काही सांगू शकत नाही. एका बाबतीत मात्र थोडे थांबावेसे वाटते. बोललेला ध्वनी उच्चारताच विरून जातो, हे हॉकेट ह्यांच्या लक्षणांपैकी एक. हनुवटीची खूण विरत नाही. ती ठेवणारा निघून गेल्यावरही ती वाचली जाते. ह्या दृष्टीने तिचे नाते बोलण्याशी नसून लेखनाशी आहे. लेखनाचा विचार नेहमी बोलण्याच्या मागून करण्याची आपली सवय असल्यामुळे प्राण्यांच्या चिन्हव्यवहारातही आपण आधी आवाज शोधतो, आणि आवाज न सापडल्यास प्राणी मुका ठरवितो. हॉकेट ह्यांची यादी ध्वनीच्या अंगाने केलेली आहे. गंधाच्या अंगाने ती पुन्हा कोणी तपासली तर बरे होईल.

गंधाचे हे लेखन पुसलेही जाते. गट्टी जमल्यावर वर्षभराने भुऱ्याच्या दाढा घासण्यासाठी त्याला एकट्यालाच दवाखान्यात नेले. संध्याकाळी तो स्पिरिटच्या वासाने माखून परत आला. काजळने त्याला हुंगले आणि ती त्याच्या अंगावर धावून गेली. वर्षभराचा सहवास, एकाच चटईवरची झोप, हे सारे त्या वासाखाली झाकले गेले होते. पुन्हा गच्ची, पुन्हा दहा मिनिटे. ह्या वेळी दोनच दिवसांत निभावले. तेव्हापासून एकाला काही दुखले तरी दोघांना एकाच टोपलीतून नेतो. दवाखान्यातील मंडळींना त्याचे हसू येते.

आज ह्या जोडीत काजळ मान खाली घालते आणि भुऱ्या चाटतो, हा क्रम ठरून गेला आहे. त्याला एकच अपवाद माझ्या नोंदवहीत आहे. सज्जाच्या उंबऱ्याशी, जेथे दुपारी उन्हाचा पट्टा येतो, तेथे भुऱ्या मान खाली घालतो आणि काजळ थोडे थांबून, जणू नाइलाजाने, त्याच्या फाटक्या कानाची कड चाटते. त्या जागेत काय विशेष आहे हे मला अद्याप उमगलेले नाही. तो उंबरा मी दोनदा साबणाने धुवून पाहिला. क्रम बदलला नाही.